हात लावायचा हक्क

(चेन्नईत शिकणाऱ्या आणि नोकरी करणाऱ्या मराठी मुलामुलींच्या एप्रिल महिन्यातल्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघातली वाक्यं शक्यतो तशीच ठेवली आहेत.)



आयोजकांनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, "राउटर." पलीकडे थोडा वेळ कुणी बोललंच नाही. मग प्रश्न आला, "ताई, तुम्ही समाजशास्त्राच्या ना?" हो, मी समाजशास्त्राचीच. इथे पीएचडी करते. पण गेली दोन वर्षं माझ्या खोलीत, गॅसच्या शेगडीपासून चार हातांवर, एका लोखंडी रॅकवर दोन राउटर आणि दोन स्विच आहेत. त्यांचे पंखे इतके ओरडतात की फोनवर माय विचारते, "गिरणीत बसलीस का गं?" आज त्या रॅकबद्दल बोलणार आहे. जातीबद्दल मी बरंच वाचलं आहे, पण काही गोष्टी मला त्या रॅकमुळे कळल्या.

रॅक माझ्या धाकट्या भावाचा. त्याचं नाव सांगत नाही, तो मागच्या रांगेत बसलाय आणि आत्ताच मान खाली घालून मोबाईल बघायला लागलाय. नांदेड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजातून त्याने बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स केलं. घरात पहिली पदवी माझी, दुसरी त्याची. मी चेन्नईत आले, मग भाडं वाटून घेता येईल म्हणून तोही आला. एका कंत्राटदारामार्फत त्याला रात्रपाळीचं काम मिळालं. भल्यामोठ्या पडद्यावर शेकडो ठिकाणच्या लाईन दिसतात. एखादी हिरव्याची लाल झाली की तिकीट उघडायचं आणि वरच्या माणसाला कळवायचं. लाईन का पडली हे शोधायचं काम वरच्याचं. याला फक्त बघायची परवानगी. उपकरणात शिरून काही करायचं लॉगिन दिलेलंच नसतं. वरच्याचा पगार याच्यापेक्षा बराच जास्त. वर जायचं तर काय लागतं? सगळ्यांनी एकच सांगितलं: सीसीएनए कर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सीसीएनए ही सिस्को कंपनीची नेटवर्किंगची परीक्षा. वेळ १२० मिनिटं, फी ३०० डॉलर. कर धरून आपल्या पैशात ती तीस हजारांच्या आसपास जाते. नापास झालात तर पाच दिवसांनी पुन्हा बसता येतं, पण फी पुन्हा पूर्ण. पुढे गेलेला प्रश्न मागे जाऊन बघता येत नाही. आणि सगळे प्रश्न काही पर्याय निवडायचे नसतात. काही ठिकाणी समोर नकली राउटर-स्विच येतात आणि सांगितलं जातं, हे जाळं चालू करून दाखवा. याच शिडीच्या वरच्या टोकाला सीसीआयई आहे. तिथली प्रत्यक्ष परीक्षा सलग आठ तासांची आणि तिची फी १६०० डॉलर. भारतात तिचं कायमचं केंद्र बंगळुरूला. म्हणजे या धंद्यात कागदापेक्षा हाताला महत्त्व आहे. करून दाखव, मग बोल.

आता माझा भाऊ हाताने काय शिकला होता ते ऐका. त्याच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत एक राउटर आणि एक स्विच होता, काचेच्या कपाटात. तपासणी समिती येणार असली की कपाट उघडायचं, धूळ पुसायची, वायर लावून दिवे लावायचे. समिती गेली की कुलूप. तीन वर्षांत त्याने त्या राउटरला एकदाही हात लावला नाही. प्रॅक्टिकल काय करायचे? जर्नलमध्ये कमांड सुवाच्य अक्षरात लिहायच्या, पट्टीने आकृती काढायची, खाली निष्कर्ष: "अशा रीतीने दोन नेटवर्क जोडले गेले." प्रॅक्टिकलला पन्नासपैकी सेहेचाळीस मार्क. अक्षर चांगलं आहे त्याचं.

एकदा त्याने कपाट उघडं बघून आत हात घातला, तर सहायक ओरडले, "हात लावू नको, महाग आहे." ते सहायक वाईट नव्हते. काही बिघडलं असतं तर त्यांच्याच पगारावर आलं असतं. आणि ते वाक्य त्यांनी सगळ्याच मुलांना ऐकवलं असतं, हेही खरं. पण त्याच वर्गातल्या एकाच्या मामाचं शहरात कॉम्प्युटरचं दुकान होतं. तो सुट्टीत तिथे बसायचा, जुने डबे खोलायचा, जोडायचा, जाळायचा. मामा दोन शिव्या द्यायचा आणि दुसरा डबा पुढ्यात ठेवायचा. काचेचं कपाट दोघांनाही सारखंच होतं. एकाला कपाटाबाहेर मामा होता, दुसऱ्याला नव्हता. समाजशास्त्रात आम्ही याला सामाजिक भांडवल म्हणतो. आपल्या भाषेत सांगायचं तर बिघडवायला डबा आणि शिव्या द्यायला मामा.

"हात लावू नको." हे वाक्य आपल्याला नवीन नाही. बाबासाहेब शाळेत असतानाचा प्रसंग तुम्हाला ठाऊक असेल. मास्तरांनी गणित सोडवायला फळ्याजवळ बोलावलं, आणि फळ्यामागे ठेवलेले जेवणाचे डबे विटाळतील म्हणून वर्गातली पोरं ते उचलायला धावली. गणित त्यांना येत होतं. अडचण फळ्याजवळ जाण्याची होती. पुढे २० मार्च १९२७ रोजी महाडला जे झालं तेही हात लावण्याचंच होतं; ओंजळ पाण्यात घालण्याचं. काचेचं कपाट म्हणजे चवदार तळं असं मी म्हणत नाही. तशी तुलना करणं महाडच्या माणसांवर अन्याय होईल, त्यांची डोकी फुटली होती. मी एवढंच म्हणते की ज्या घरांना शतकानुशतकं "लांब उभा राहा" असं ऐकवलं गेलं, त्या घरातलं पोर यंत्रासमोरही आधी लांबच उभं राहतं. त्याला जवळ यायला थोडा जास्त वेळ लागतो. आणि नेमका तोच वेळ त्याला कुणी देत नाही.

भावाने पहिल्यांदा तयारी केली ती चार जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर. सिस्कोच्या नेटवर्किंग अकॅडमीत नाव नोंदवलं की पॅकेट ट्रेसर नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात पडद्यावर राउटर ठेवायचे, तारा जोडायच्या, कमांड द्यायच्या. यूट्यूबवर जेरेमीज आयटी लॅब नावाची अख्खी शिकवणी फुकट आहे, तीही त्याने पुरी केली. रात्रपाळी करून सकाळी चार तास झोपायचा आणि मग कोट्टूरपुरमच्या अण्णा शताब्दी ग्रंथालयात जायचा. २०१० साली उघडलेलं ते नऊ मजली ग्रंथालय तुमच्यापैकी अनेकांना माहीत आहे. तिथे स्वतःची पुस्तकं घेऊन बसता येतं, गार हवा असते, आणि कुणी आडनाव विचारत नाही. या शहराने आमच्यावर जे उपकार केले त्यात ही इमारत मी वरती ठेवते.

फीचे पैसे मायने बचत गटातून उचलले. आणि तो नापास झाला.

चार दिवस त्याने मला सांगितलं नाही. पाचव्या दिवशी मी भात वाढत होते तेव्हा म्हणाला, "ताई, झालं नाही." मी कागद मागितला. त्यावर विभागवार टक्के होते. आयपी कनेक्टिव्हिटी हा सगळ्यात मोठा विभाग, २५ टक्क्यांचा. तो गेलेला. नेटवर्क अ‍ॅक्सेस, २० टक्क्यांचा, तोही गेलेला. मला कळेना, कारण त्याच्या व्याख्या मी स्वतः पाठ म्हणून घेतल्या होत्या. केबलच्या आठ तारांचा क्रमसुद्धा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. मला अजून झोपेत येतो.

मग त्याने सांगितलं. दोन स्विचमधली लाईन चालत नव्हती, ती चालू करायची होती. एका स्विचमध्ये व्हीलॅन करून वेगवेगळे गट करता येतात. डबा एक, वीज एक, पण एका गटातलं यंत्र दुसऱ्या गटातल्या यंत्राशी थेट बोलू शकत नाही. (हशा) हो, हे आपल्याला फार समजावून सांगावं लागत नाही. तर हे सगळे गट एकाच तारेवरून दुसऱ्या स्विचपर्यंत न्यायचे असतील तर दोन्ही टोकांना ट्रंक लावावा लागतो. ट्रंक म्हणजे काय हे त्याला तोंडपाठ होतं. पण पडद्यावर जे दिसत होतं ते पाठ केलेल्या चित्रासारखं नव्हतं. एका टोकाला कुणीतरी मुद्दाम एक आकडा चुकीचा टाकून ठेवला होता. तो शोधण्यात त्याची चौदा मिनिटं गेली आणि पुढचे प्रश्न धावतपळत सुटले. मग तो जे म्हणाला ते मी माझ्या संशोधनाच्या वहीत लिहून ठेवलं आहे: "ताई, मला सगळं येत होतं. पण बिघडलेलं कधी बघितलंच नव्हतं."

मित्रमैत्रिणींनो, साधनं कमी म्हणजे नेमकं काय कमी, याचं उत्तर मला त्या वाक्यात सापडलं. पडद्यावरचा राउटर फुकट मिळतो. व्हिडिओ फुकट मिळतात. कमी असते ती बिघडवायची मुभा. ज्याच्याकडे एकच लॅपटॉप आहे तो त्याच्यावर जपून, बेतानं काम करतो. शिकवणीत सांगितलेल्या कमांड सांगितलेल्या क्रमाने देतो, सगळं हिरवं होतं, तो खूश होतो. चूक करून बघायला त्याच्याकडे वेळ नसतो, पैसा नसतो आणि धाडसही नसतं. आयुष्यभर त्याला सांगितलेलं असतं की तुला एकच संधी आहे, वाया घालवू नको. आपण पहिल्या पिढीतले पदवीधर इतके नेटके का असतो, याचा विचार करा. आपली जर्नल्स सुंदर असतात.

यानंतर चौघं एकत्र आले. भाऊ, त्याच्या पाळीतला विदर्भातला एक मुलगा, आणि दोघं तमिळ: एक मुलगा आणि तिरुवण्णामलै जिल्ह्यातली एक मुलगी. चौघांनी मिळून अकरा हजार रुपये जमवले आणि एका रविवारी रिची स्ट्रीटला गेले. माउंट रोडला लागून असलेली ही गल्ली. कॅपॅसिटरपासून सर्व्हरपर्यंत काहीही मिळतं, नवं आणि जुनं. कंपन्यांनी भंगारात काढलेले स्विच तिथे भाजीसारखे रचलेले असतात. भावाच्या तोडक्यामोडक्या तमिळवर भाव ठरला: दोन राउटर, दोन स्विच, फिकट निळी कन्सोल केबल, क्रिम्पिंग टूल आणि केबलचं अर्धं रीळ.

घरी आणून चालू केलं तर एका राउटरला पासवर्ड. आधीच्या मालकाचा. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "तेरियादु." मला वाटलं पैसे बुडाले. पण याच्यावर उपाय असतो. राउटर चालू होताना ठरावीक वेळात ब्रेकची कळ दाबायची, म्हणजे तो अर्धवट जागा होऊन थांबतो. मग एक आकडा बदलायचा: शून्य-एक्स-२१०२ च्या जागी शून्य-एक्स-२१४२. याचा अर्थ, आधी साठवून ठेवलेली मांडणी न वाचता सुरू हो. राउटर कोरा होऊन उठतो, मग आपला पासवर्ड टाकायचा आणि आकडा पूर्ववत करायचा. कॉलेजातल्या कपाटासमोर तीन वर्षं उभं राहून जे कळलं नाही ते त्या रात्री पावणेदोन तासांत कळलं. कारण डबा त्यांचा स्वतःचा होता आणि बंद पडलेला होता.

मग त्यांनी एक पद्धत बसवली. दर आठवड्याला एकाने बिघाड करायचा, बाकीच्यांनी शोधायचा. बिघडवणाऱ्याने चिठ्ठी लिहून खिशात ठेवायची. शोधणाऱ्यांनी घड्याळ लावून बसायचं. सापडलं की वहीत चार ओळी: काय दिसलं, आधी काय वाटलं, खरं काय निघालं, किती मिनिटं लागली. त्या वहीचं नाव बिघाड वही. पहिल्या पानावर पंचावन्न मिनिटं आहेत. शेवटच्या पानांवर सहा-सात.

एकदा विदर्भातल्या पठ्ठ्याने दोन स्विचमध्ये दोन तारा लावल्या आणि स्पॅनिंग ट्री बंद केलं. तारांचं वर्तुळ झालं की एक निरोप त्यात फिरत राहतो, वाढत जातो, थांबत नाही. पडद्यावर हे चित्र म्हणून बघणं वेगळं. खोलीत चारही डब्यांचे सगळे दिवे वेड्यासारखे लुकलुकायला लागले, लॅपटॉप गोठला, आणि सगळ्यांचे हात एकदम तारेकडे गेले. हे टाळायची युक्ती १९८५ साली रेडिया पर्लमन या बाईंनी शोधली. वर्तुळातली एक वाट यंत्रांनी आपसांत ठरवून बंद ठेवायची आणि दुसरी तुटली तरच उघडायची. आज जगभरचे स्विच त्या युक्तीवर उभे आहेत. इथल्या मुलींनी हे नाव लिहून घ्या.

मुलींवरून आठवलं. आमची तिरुवण्णामलैची मैत्रीण वसतिगृहात राहते. रात्री आठला फाटक बंद. मुलं रात्री बसायची, तिला येता यायचं नाही. पहिला महिना ती फक्त रविवारी यायची आणि मागे पडायची. सामायिक साधन म्हटलं तरी ते सगळ्यांना सारखं मिळत नाही, हे आमच्या घरातच दिसलं. मग भावाने जुना लॅपटॉप कन्सोल केबलींसह रॅकलाच जोडून ठेवला आणि तिला तो दुरून वापरता येईल अशी सोय केली. ती वसतिगृहाच्या गच्चीवरून मोबाईलच्या डेटावर आमच्या खोलीतले राउटर बिघडवायची. तार ओढायची असली की मला फोन: "अक्का, प्लीज, दुसऱ्या स्विचची तिसरी तार." मी भाकरी टाकता टाकता तार ओढायची. चौघांत सगळ्यात आधी तीच पास झाली.

आता थोडं माझ्या विषयाकडे येते. हाताला आपल्या देशात मान का नाही? आणि हाताच्याच कामाचं सर्टिफिकेट इतकं महाग का? बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिलं की जात ही नुसती कामाची वाटणी नसून काम करणाऱ्यांची वाटणी आहे. याच शहरात गिंडीचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे. त्याचं मूळ १७९४ च्या सर्वेक्षण शाळेत. आणि याच शहरातल्या आयआयटीवर अजंता सुब्रमण्यन यांचं 'द कास्ट ऑफ मेरिट' हे पुस्तक २०१९ साली आलं. त्या दाखवतात की इंग्रजांच्या काळात ज्या जातींच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या कारागिरी होती त्यांच्यासाठी औद्योगिक शाळा काढल्या गेल्या, आणि इंजिनिअर ही प्रतिष्ठेची पदवी मात्र त्यांच्याकडे गेली ज्यांच्या घरात हाताच्या कामाची परंपराच नव्हती. हात एकीकडे राहिले, नकाशे दुसरीकडे गेले.

१९५३ साली इथे मद्रास राज्यात राजाजींच्या सरकारने प्राथमिक शाळेसाठी एक योजना आणली. शाळा निम्मा वेळ, उरलेल्या वेळात मुलांनी घरचा धंदा शिकायचा. कागदावर तेही हातानेच शिकणं होतं. पण न्हाव्याच्या पोराने वस्तराच धरायचा आणि चांभाराच्या पोराने आरीच, असा त्याचा अर्थ होतो हे पेरियारांनी ओळखलं. लोकांनी तिला कुलशिक्षण म्हटलं, रान उठवलं. राजाजींना पद सोडावं लागलं आणि १९५४ मध्ये कामराज मुख्यमंत्री झाल्यावर ती योजना गेली. तेव्हा कुणी आपल्याला कौशल्य शिका म्हणालं की आधी विचारायचं: कुठलं कौशल्य, आणि त्याची शिडी वर कुठवर जाते? केबल ओढण्यापुरतं कौशल्य आपल्याला द्यायला सगळेच तयार असतात.

बाबासाहेबांना ही शिडी दिसत होती. १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी सरकारला जे निवेदन दिलं, त्यात अस्पृश्यांना कला आणि कायद्याच्या शिक्षणापेक्षा विज्ञान-तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणाचा जास्त उपयोग होईल, त्यासाठी शिष्यवृत्त्या द्या, अशी मागणी होती. हे म्हणणारा माणूस स्वतः अर्थशास्त्राचा आणि कायद्याचा होता. मीही कला शाखेची आहे, मला जरा टोचतं. पण खरं आहे.

आता दुसरी बाजू. सर्टिफिकेट मिळालं की जात सुटते, असं सांगायला मी उभी नाही. परीक्षेतलं यंत्र आडनाव विचारत नाही. पिंग गेलं तर गेलं, नाही तर नाही. त्यापुढच्या खोलीत माणसं बसलेली असतात. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास बघा. खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त नावं बदलली. दलित आणि मुस्लिम नावांना बोलावणं येण्याची शक्यता उच्चजातीय नावांपेक्षा कमी निघाली. आणि ज्या सिस्कोची ही परीक्षा, त्याच कंपनीवर ३० जून २०२० रोजी कॅलिफोर्निया राज्याच्या एका विभागाने दावा लावला. एका दलित अभियंत्याला सवर्ण भारतीय वरिष्ठांनी जातीवरून वेगळं वागवलं, असा आरोप. कंपनीने आरोप नाकारले. २०२३ मध्ये दोन व्यवस्थापकांवरचा दावा विभागाने मागे घेतला, कंपनीवरचा पुढे चालू ठेवला. निकाल काहीही लागो, तो अभियंता आयआयटीत शिकलेला होता. त्याच्यापाशी सगळी सर्टिफिकेटं होती.

मग करायचं कशाला? कारण वरच्या माणसाचं लॉगिन आपल्या हातात आलं पाहिजे. भांडायचं तर ते आतून भांडायला ताकद येते. आणि दुसरं, ज्याला काम खरोखर येतं त्याला "कोट्यातला" म्हणून उडवून लावणं जरा अवघड जातं. फक्त जरा. म्हणूनच कुणी प्रश्नोत्तरांचे चोरलेले संच विकत असेल, शंभर टक्के पास म्हणत असेल, तर त्या दुकानाची पायरी चढू नका. दुसऱ्याचं पोर तसं पास झालं तर त्याला हुशार म्हणतात. आपलं पकडलं गेलं तर अख्ख्या समाजाचं नाव निघतं. हे बरोबर नाही, पण असं आहे. शिवाय मुलाखतीत पहिल्याच बिघाडाला उघडं पडतं.

जे आता तयारी करताहेत त्यांना चार व्यवहाराच्या गोष्टी सांगते. आधी पॅकेट ट्रेसर. सीसीएनएसाठी बहुतेक सराव त्यावर होतो. लॅपटॉपला रॅम बरी असेल तर जीएनएस-थ्री किंवा ईव्ह-एनजीची फुकट आवृत्ती. सिस्कोने स्वतःच्या मॉडेलिंग लॅबचीही पाच उपकरणांपर्यंत चालणारी मोफत आवृत्ती दिली आहे, तीही बघा. खरे डबे एकट्याने विकत घेऊ नका, चौघांत घ्या. आणि फी भरण्याआधी बिघाड वही भरा. माझा भाऊ दुसऱ्यांदा बसला तेव्हा वहीत एकसष्ट बिघाड होते. पास झाला. विदर्भातला मुलगा अजून तयारी करतोय. चौथा, तो तमिळ मुलगा, वडील आजारी पडले म्हणून गावी गेला, आणि त्याची परीक्षा राहिली ती राहिलीच. त्याच्या हिश्शाचे पैसे आम्ही परत करायला गेलो तर घेतले नाहीत. म्हणाला, "रॅक चालू ठेवा."

शेवटचं सांगते. आमचे आबा मजुरी करतात. काही वर्षांपूर्वी रस्त्याच्या कडेने ऑप्टिकल फायबरची केबल टाकण्याचं काम निघालं तेव्हा त्यांनी दोन हंगाम चर खणला. भाऊ पास झाल्यावर त्याने फोन केला. आबांनी विचारलं, म्हणजे तू नेमकं काय शिकलास? हा म्हणाला, तुम्ही ती केबल टाकली होती ना, तिच्या दोन्ही टोकांना डबे असतात, ते चालवायला शिकलो. आबा थोडं थांबून म्हणाले, "टोकाला काय असतंय ते आम्हाला कधी कुणी दाखवलंच नाही. चर बुजवला की पुढच्या गावाला."

म्हणून माझी मागणी साधी आहे. तुमच्यापैकी जे कंपन्यांत आहेत, त्यांनी लक्ष ठेवा. उपकरणं भंगारात निघतात. रीतसर विचारा, रीतसर विकत घ्या. आपल्या गावच्या विहारात, समाजमंदिरात, वाचनालयात पुस्तकांच्या कपाटाशेजारी एक रॅक उभा करा. त्याला काच नको, कुलूप नको. पोरींना जमेल अशी वेळ ठेवा. एक वही ठेवा. डबा जळाला तर दुसरा आणता येतो. आमचा एक राउटर या उन्हाळ्यात आमच्या तालुक्याला जातोय. आबांनी सांगितलंय, पोरांच्या आधी मी बघणार.

मागच्या टेबलावर आज एक स्विच, क्रिम्पिंग टूल आणि केबल ठेवली आहे. शेजारी तो मान खाली घातलेला मुलगा उभा राहील. जेवायला जाण्याआधी प्रत्येकाने एक तरी तार जोडून बघा. चुकली तर चुकू द्या, केबल भरपूर आहे.

जय भीम.